दोनशे तीन जणींची रांग

वहिनीच्या रिपोर्टवर ६१ हा आकडा ठळक अक्षरांत छापला होता आणि त्याच्या शेजारी वर टोक केलेला एक छोटा बाण होता. चाचणीचे नाव सीए-१२५, म्हणजे बीजांडकोशाच्या कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या एका प्रथिनाचे माप. संदर्भ मर्यादा ३५ पर्यंत. रविवारी सकाळी आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीत, पार्किंगमधल्या चार गाड्या बाहेर काढून मांडलेल्या टेबलांपाशी तिने हात पुढे करून रक्त दिले होते आणि सोमवारी रात्री साडेनऊच्या सुमारास दादाच्या मोबाइलवर पीडीएफ येऊन पडली. दादाने पंधरा मिनिटे गूगल केले आणि मग दोघेही दुसऱ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर माझ्याकडे आले. वहिनीने पायात चप्पलही घातली नव्हती. "तुला आकड्यांतलं कळतं ना," ती म्हणाली, "मग मला एवढंच सांग, मी किती घाबरू?"

प्रश्न नेमका होता, आणि तो माझ्या नोकरीतलाच होता. चोवीस वर्षे मी एका विमा कंपनीच्या वाहन विभागात काम करते आहे. हजार स्कूटरींमागे वर्षाला वीस दावे येतात आणि प्रत्येक दावा सरासरी पंधरा हजारांचा असतो असे धरले, तर कंपनीच्या खिशातून तीन लाख जातात, म्हणजे दर स्कूटरमागे तीनशे रुपये. जे घडू शकते त्याची किंमत गुणिले ते घडण्याची संभाव्यता, यालाच अपेक्षित मूल्य म्हणतात आणि त्यावरच आमचे सगळे दरपत्रक उभे असते. गंमत अशी की कोणत्याही स्कूटरवाल्याचे तीनशे रुपयांचे नुकसान कधीच होत नाही. त्याचे पंधरा हजार तरी जातात, नाहीतर काहीच जात नाही. तीनशे हा आकडा कंपनीच्या खुर्चीत बसल्यावरच दिसतो. वहिनी त्या रात्री स्कूटरवर बसून विचारत होती आणि मला उत्तर मात्र खुर्चीतून सुचत होते.

आधी एक कबुली द्यायला हवी. ते शिबिर मीच मंजूर केले होते. सोसायटीची खजिनदार या नात्याने प्रयोगशाळेच्या माणसाने आणलेले लॅमिनेट केलेले दरपत्रक मी वाचले होते: 'महिला विशेष' या मथळ्याखाली साखर, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि सगळ्यांत खाली 'कॅन्सर मार्कर'. बाहेर साडेतीन हजार, सोसायटीसाठी ९९९, किमान चाळीस नावे हवीत. मी घासाघीस करून आणखी पन्नास रुपये कमी करून घेतले आणि त्याचा मला आनंदही झाला. त्या शेवटच्या ओळीतल्या चाचणीने नेमके काय साधते, हे मात्र मी विचारले नाही. एक रकाना कोरा राहिला म्हणून दाव्याचा अर्ज परत पाठवणाऱ्या बाईने ते विचारायला हवे होते.

त्या रात्री एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर मी वहिनीला रांग काढून दाखवली. तिच्या वयाच्या दहा हजार बायका एका रांगेत उभ्या आहेत असे समज. बीजांडकोशाचा कर्करोग तसा विरळ आहे. हिशेबापुरते धरू की त्या दहा हजारांत चौघींना तो आहे आणि अजून कोणालाच ठाऊक नाही. चाचणी त्या चौघींपैकी तिघींना पकडते, एक निसटते. उरलेल्या ९,९९६ निरोगी बायकांपैकी शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना ती बिनचूक 'काही नाही' म्हणून सांगते आणि दोघींच्या रिपोर्टवर उगाच बाण उमटवते. ९,९९६चे दोन टक्के म्हणजे जवळपास दोनशे. तेव्हा बाण मिळालेल्या एकूण दोनशे तीन जणी, आणि त्यांतल्या खरोखर आजारी तिघी. ही टक्केवारी दीडच्या आसपास येते. शिवाय मी चाचणीला झुकते माप दिले होते. पाळी अजून चालू असलेल्या बायकांत फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी, एन्डोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणे, इतकेच काय नुसती पाळी आलेली असतानाही हा आकडा चढतो, त्यामुळे उगाच उमटणारे बाण त्यांच्यात दोन टक्क्यांवर थांबत नाहीत.

दादा म्हणाला, "पण त्यांच्या कागदावर तर अठ्ठ्याण्णव टक्के अचूक असं लिहिलंय." इथेच बहुतेक सगळे अडखळतात आणि त्यात दादाचा काही दोष नाही. निरोगी बाईला बाण न मिळण्याची संभाव्यता अठ्ठ्याण्णव टक्के असणे आणि बाण मिळालेली बाई आजारी असण्याची संभाव्यता अठ्ठ्याण्णव टक्के असणे, ही दोन अगदी वेगळी वाक्ये आहेत. ठाण्यातले बहुतेक डॉक्टर मराठी बोलतात, म्हणून ठाण्यात मराठी बोलणारा बहुतेक प्रत्येक माणूस डॉक्टर ठरत नाही. हे वाक्य उलटे कसे फिरवायचे याची रीत थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याने लिहून ठेवली होती आणि त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली ती छापली गेली. तरीही डेव्हिड एडी या अमेरिकन अभ्यासकाने १९८२ साली नोंदवले की मॅमोग्राफीबद्दलचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीबद्दलचा, असाच प्रश्न शंभर डॉक्टरांना घातल्यावर पंच्याण्णव जणांनी उत्तर पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास दिले, आणि खरे उत्तर आठ टक्क्यांहून कमी होते. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने पुढे दाखवून दिले की हेच गणित टक्क्यांऐवजी माणसे मोजून मांडले, हजारांत इतके आणि त्यांतले इतके असे, तर डॉक्टरांचे आणि इतरांचेही उत्तर पुष्कळ सुधारते. पाकिटावर रांग काढण्याचे कारण तेच.

वहिनीने रांगेकडे बराच वेळ पाहिले. मग तिने त्या तिघींवर बोट ठेवले आणि म्हणाली, "म्हणजे आहे ना पण?"

पुढचे सात आठवडे सांगण्यासारखे नाहीत आणि विसरण्यासारखेही नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी करायला सांगितली, त्यात दोन फायब्रॉइड दिसले, आणि त्या बाईंनी शांतपणे सांगितले की दीड महिन्याने रक्त पुन्हा तपासू, तोवर काही करायचे नाही. या दीड महिन्यात घरी येणाऱ्या प्रत्येक नातेवाईक बाईने एकच सल्ला दिला: वय झालंच आहे, आता पिशवी काढूनच टाका, कटकट मिटेल. आपल्याकडे गर्भाशय काढून टाकणे हे जुने कपाट भंगारात देण्याइतक्या सहजपणे बोलले जाते. वहिनीही एका टप्प्यावर तयार झाली होती, कारण वाट पाहण्यापेक्षा काहीतरी करून मोकळे होणे तिला सोपे वाटत होते. शेवटी दुसरा रिपोर्ट आला, ३८. डॉक्टर हसून म्हणाल्या, विसरून जा. पण ३८ हा आकडाही ठळकच छापला होता आणि त्याच्या शेजारीही बाण होता.

त्या आठवड्यांत मी वाचत गेले. ज्या चाचणीला मी चाळीस नावे गोळा करून दिली होती, तिची परीक्षा फार मोठ्या प्रमाणावर आधीच होऊन गेलेली होती. अमेरिकेत ५५ ते ७४ या वयोगटातल्या ७८,२१६ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले गेले. एका गटाला दरवर्षी ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफी, दुसऱ्याला नेहमीची देखभाल. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात ३,२८५ जणींना खोटा पॉझिटिव्ह निकाल मिळाला, त्यांतल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतल्या १६३ जणींना त्या अनावश्यक शस्त्रक्रियेतून गंभीर गुंतागुंत झाली. बीजांडकोशाच्या कर्करोगाने तपासलेल्या गटात ११८ मृत्यू झाले, न तपासलेल्या गटात १००. हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण फायदा झाला असे कोणत्याही अंगाने म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा अंतिम निकाल २०२१ साली आला आणि तोही मृत्यू कमी झाले नाहीत असाच होता. उपचार चालू असलेल्या रुग्णाची प्रगती पाहायला हीच चाचणी उत्तम आहे, डॉक्टर ती रोज वापरतात. आमच्या पार्किंगमध्ये ती चुकीच्या रांगेत उभी होती.

मला स्वतःला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट अशी की आजार लवकर पकडणे आणि माणूस वाचणे यांच्यात बरेच अंतर असते. लोकलचे उदाहरण घेऊ. एकाच जलद गाडीत एक जण कल्याणला चढतो आणि दुसरा ठाण्याला. पहिला म्हणतो माझा प्रवास तासाभराचा झाला, दुसरा म्हणतो पाऊण तासाचा. सीएसएमटीला दोघे एकाच क्षणी उतरतात. 'निदानानंतर पाच वर्षे जगलेले रुग्ण' हा जाहिरातींतला लाडका आकडा चढण्याच्या स्टेशनापासून मोजलेला असतो. तपासणीने निदान फक्त अलीकडे ओढले आणि शेवट जागचा हलला नाही, तरी तो आकडा छान वाढतो. म्हणून चाळणी तपासणीची, म्हणजे लक्षणे नसलेल्यांना सरसकट तपासण्याची, खरी परीक्षा एकाच प्रश्नावर होते: तपासलेल्या गटात त्या आजाराने मरणारे कमी झाले का?

दक्षिण कोरियात तर गाडी कुठेच जाणार नव्हती अशा डब्यांतही माणसे चढवली गेली. तिथे १९९९ साली राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. गळ्याची सोनोग्राफी त्यात अधिकृतपणे नव्हती, पण थोडे जास्त पैसे भरले की ती करून मिळत असे, अगदी आमच्या पॅकेजमधल्या शेवटच्या ओळीसारखी. २०११ साली थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान होण्याचे प्रमाण १९९३च्या पंधरा पट झाले. त्या आजाराने मरणाऱ्यांचे प्रमाण होते तिथेच राहिले. मधल्या काळात हजारो माणसांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यांना आयुष्यभराची गोळी लागली.

इथपर्यंत वाचून कोणी असा अर्थ काढेल की तपासण्यांच्या नादी लागू नये, तर ते मला अजिबात म्हणायचे नाही. कारण याच हिशेबाने ज्या तपासणीची बाजू भक्कम ठरली, ती आमच्यापासून फार लांब घडलेली नाही. १९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. डॉक्टर नसलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या बायका वस्तीत जात आणि गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचाच भाऊबंद, लावून एखाद्या मिनिटात पांढरा डाग उमटतो का ते दिव्याच्या उजेडात पाहत. प्रयोगशाळा नाही, रिपोर्ट नाही. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या. बोलावलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्के जणी आल्या, आणि ज्यांना पुढे पाठवावे लागले त्यांची तपासणी आणि उपचार टाटामध्ये मोफत झाले. बारा वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले आढळले.

माझ्यातली विमावाली या ३१ टक्क्यांवर लगेच थांबत नाही, कारण कशाचे ३१ टक्के हे विचारल्याशिवाय तो आकडा बोलत नाही. एक लाख बायका एक वर्षभर पाहिल्या, तर न तपासलेल्या गटात या आजाराने सुमारे सोळा जणी दगावत होत्या आणि तपासलेल्या गटात सुमारे अकरा. लाखामागे वर्षाला पाच जणी वाचल्या. हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण पारड्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहा: थोडे ॲसिड, कापसाचा बोळा, एका प्रशिक्षित बाईचा पगार आणि उगाच डाग दिसलेल्या बायकांची एक जादा खेप. महागडी चाचणी पाच जणींना वाचवत असेल आणि हजारोंना टेबलावर झोपवत असेल तर मी तिला मत देणार नाही. या व्हिनेगरला मी डोळे झाकून देईन. या अभ्यासावर पुढे मोठा वादही झाला, कारण तुलनेच्या गटातल्या बायकांना आजाराची माहिती तेवढी दिली गेली होती, तपासणी दिली गेली नव्हती. तो आक्षेप मला अजूनही बोचतो. पाच हा आकडा कळण्यासाठी तो कळेपर्यंत कोणाला तरी दुसऱ्या रांगेत उभे राहावे लागले होते. धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांतही टाटा आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने असाच मोठा अभ्यास झाला. तिथे २००९ साली दिसले की गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली तरी मृत्यू जवळपास निम्मे होतात, आणि एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीचा मात्र तिथे ठोस फायदा दिसला नाही.

आणि मुंबईच्या त्याच अभ्यासात त्याच प्रशिक्षित बायका हाताने स्तनांचीही तपासणी करत होत्या. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली आला तेव्हा पन्नाशीच्या वरच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते आणि पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही. हात तेच होते, तपासणी तीच होती, रांगेचे वय बदलले होते. केरळात तिरुवनंतपुरमला तोंडाच्या तपासणीचे असेच झाले: तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांश कमी झाले, निर्व्यसनी लोकांत काही फरक दिसला नाही.

रांग बदलली की गणित कसे उलटते हे करोनाच्या काळात सरकारी परिपत्रकातही पाहायला मिळाले होते. एप्रिल २०२०मध्ये किट अपुरे असताना आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, जास्तीत जास्त पाच जणांचे नमुने एकत्र मिसळून तपासायला परवानगी दिली, पण मुख्यतः बाधितांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असलेल्या भागांत. मिश्रण निगेटिव्ह आले तर पाचही जण सुटले, पॉझिटिव्ह आले तर पाचही जणांना एकेकटे तपासायचे. ही युक्ती रॉबर्ट डॉर्फमन याने १९४३ साली अमेरिकन सैन्यभरतीतल्या सिफिलिसच्या चाचण्यांसाठी सुचवली होती. दोन टक्के प्रमाण असेल तर शंभर माणसांसाठी सरासरी तीसच चाचण्या पुरतात; तीस टक्के असेल तर बहुतेक मिश्रणे पॉझिटिव्ह येत जातात, त्यांतले सगळे पुन्हा तपासावे लागतात आणि शंभरांसाठी एकशेतीन चाचण्या लागतात. आमची इमारत सील झालेली असताना मी हे करून पाहिले होते, वेळ बराच होता.

पुढच्या वर्षी शिबिराचा विषय कमिटीच्या बैठकीत आला तेव्हा मी 'कॅन्सर मार्कर' काढून टाकायचा ठराव मांडला. सचिव म्हणाले, मग पॅकेजचा दर मिळणार नाही. एक काका म्हणाले, "अहो, कळलेलं काय वाईट?" मी दोनशे तीन जणींची रांग पुन्हा सांगितली, या वेळी फळ्यावर, आणि कोणालाही ती फारशी पटली नाही, ठराव मंजूर झाला तो वार्षिक सभेची वेळ होत आली होती म्हणून. त्या जागी आम्ही तिशीच्या वरच्या सर्वांचा रक्तदाब आणि साखर घेतली, ज्या बायकांना हवी त्यांच्यासाठी एचपीव्ही चाचणीची सोय केली, आणि एका दंतवैद्यांना बोलावून वॉचमन, सफाई करणारे, घरकामाला येणाऱ्या बायका, ज्यांना तंबाखू किंवा मशेरीची सवय आहे अशांची तोंडे तपासून घेतली. सरकारी कार्यक्रमात यातले जवळपास सगळे तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आहेच. आमच्यासारख्या गेटबंद सोसायट्यांत आशाताई क्वचितच पोचतात, आणि गेटवर जो माणूस त्यांचे नाव रजिस्टरात लिहून घेतो त्याला त्या तपासणीची आमच्यापेक्षा जास्त गरज असते.

वहिनी त्या शिबिराला आली नाही. मला नंतर कळले की ती दर सहा महिन्यांनी स्टेशनजवळच्या एका प्रयोगशाळेत जाऊन सीए-१२५ स्वतःच करून येते. डॉक्टरांनी सांगितलेले नाही, दादाला ठाऊक नाही. पावत्या ती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवते. मी एकदा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "तुझी रांग मला पाठ आहे गं. पण आकडा आला की चार महिने बरे जातात." माझ्या पाकिटावर या खेपांसाठी रकाना नव्हता. ९४९ रुपयांच्या त्या पॅकेजची किंमत वहिनी अजून भरते आहे आणि ती किती हे मला मांडता येत नाही.

रात्रपाळीच्या वॉचमनकाकांच्या गालाच्या आतल्या बाजूला दंतवैद्यांना एक पांढरा चट्टा दिसला. वीस-बावीस वर्षे तंबाखू-चुना त्याच बाजूला धरलेला. असे बहुतेक चट्टे कर्करोग होत नाहीत, पण तुकडा काढून तपासायला हवा, म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. तीन आठवड्यांनी मी काकांना विचारले, गेलात का? ते म्हणाले, ओपीडी सकाळची असते ताई, रात्रपाळी संपवून रांगेत उभं राहिलं की दुपार होते, आणि मंगळवारी माझी डबल असते. आजार असण्याची संभाव्यता, तो डोळ्यांनी दिसण्याची, तो उपचारांनी बरा होण्याची, या सगळ्यांचा गुणाकार मी शिबिराआधी नीट मांडला होता. चिठ्ठी घेतलेला माणूस दवाखान्यात पोचण्याची संभाव्यता मात्र मी न बोलता एक धरली होती. ती शून्य असेल तर बाकीचे आकडे कितीही सुंदर असोत, गुणाकार शून्यच.

मी तिथूनच, गेटवर उभी राहून, सचिवांना फोन लावला. येत्या मंगळवारी दिवसपाळीला दुसरा माणूस कोण मिळेल, एवढेच विचारायचे होते.